पहिल्यांदाच हुरड्याला निघालात तर

पुण्यातल्या मित्रांना "हुरड्याला चला" म्हटलं की दोन प्रश्न ठरलेले. "जेवणात काय काय आहे?" आणि "पोरांना खेळायला काही आहे का?" मी बार्शीकडचा. आमच्याकडे हे दोन्ही प्रश्न कुणी विचारत नाही. आमच्याकडे एवढंच विचारतात, "ज्वारी हुरड्यात आली का?" त्याचं उत्तर "आली" असेल तर बाकी सगळं जमतं. "नाही" असेल, किंवा "होऊन गेली" असेल, तर मग मेन्यूत पन्नास पदार्थ असले तरी तुम्ही हुरड्याला गेलात असं म्हणता येणार नाही. ढाब्यावर जेवून आलात असं म्हणा.

तर पहिल्यांदा निघालेल्यांसाठी, घरातून पाय बाहेर टाकायच्या आधीपासून ते परत येईपर्यंतचं सगळं क्रमाने सांगतो.

तारीख तुम्ही ठरवायची नाही

हुरडा म्हणजे ज्वारीचा कोवळा दाणा, हे सगळ्यांना माहीत असतं. किती कोवळा, ते मात्र ठाऊक नसतं. रब्बीची ज्वारी, म्हणजे शाळू, पाऊस सरत आला की उत्तरा-हस्त नक्षत्रांच्या सुमारास पेरतात. सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य धरा. त्यानंतर काळ्या रानातली ओल आणि थंडीतलं दव यांवर पीक वाढतं. आधी पोटरीत येतं, म्हणजे कणीस पानाच्या आतच फुगतं, मग निसवतं, म्हणजे कणीस बाहेर पडतं, मग फुलोरा, मग दाणा चिकात. चिकात असताना दाणा नखाने दाबला की पांढरं दूध उडतं. तेव्हा खाल्लात तर तोंडाला नुसतं गोडसर पाणी लागेल. त्यानंतर दाणा घट्टसर होतो, दाबला तर मळलेल्या कणकेसारखा दबतो, पण रंग हिरवाच असतो. हा हुरडा. आणखी काही दिवस गेले की दाण्यातल्या साखरेचं पिठात रूपांतर होतं, नख उमटेनासं होतं, दाणा निबर होतो. मग त्याची भाकरीच.

एका रानात ही हुरड्याची अवस्था जेमतेम आठ-दहा दिवस टिकते. थंडी चांगली असेल तर दोन दिवस जास्त, उकाडा वाढला तर कमी. पेरणीपासून साधारण 90 ते 100 दिवस मोजले की हुरड्याचा अंदाज लागतो. म्हणून डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतचा काळ हा हुरड्याचा, आणि त्यातही संक्रांतीच्या आगेमागे तो रंगात असतो. पाहुण्यांसाठी हुरडा करणारे शेतकरी एकाच दिवशी सगळं रान पेरत नाहीत. आठ-दहा दिवसांच्या अंतराने तुकडे पेरतात, म्हणजे एक तुकडा निबर व्हायच्या आत दुसरा हुरड्यात येतो.

वाण विचारा, कारण तळहात तुमचे आहेत

प्रत्येक ज्वारीचा हुरडा होतो, पण प्रत्येक ज्वारी हुरड्याची नसते. भाकरीसाठी नावाजलेली मालदांडी घ्या. तिचा हुरडा चवीला वाईट नाही, पण दाणा बोंडाला, म्हणजे वरच्या टरफलाला, घट्ट धरून बसतो. चोळून चोळून हाताची सालटं निघतात आणि तरीही तोंडात अर्धं भुसकट येतं. हुरड्याचे खास वाण वेगळे: गुळभेंडी, सुरती, कुचकुची. यांचं कणीस मोकळं, दाणा गोड आणि गरम असताना चोळला की पटकन सुटणारा. गुळभेंडीचं नावच सगळं सांगतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले उत्तरा आणि फुले मधुर हे हुरड्याचे वाण दिले आहेत, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा परभणी वसंत आहे. सुरतीचं नाव ऐकून गुजरातची आठवण आली असेल तर बरोबर आहे. सुरतेकडे हाच कोवळा दाणा पोंक म्हणून लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर खातात. खाली उत्तर कर्नाटकात गेलात तर त्याला सीतनी म्हणतात.

जायचं कुठे

सोलापूर, धाराशिव, बीड, अहिल्यानगर, लातूर, परभणी, छत्रपती संभाजीनगर आणि पुणे जिल्ह्याचा पूर्वेकडचा कोरडा भाग. थोडक्यात, जिथे पाऊस कमी आणि जमीन काळी, तिथे. कोकणात हुरडा शोधू नका.

पुण्याहून एका दिवसात जाऊन यायचं असेल तर शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर, श्रीगोंदा हा पट्टा सोयीचा. शिरूर तालुक्यातली मोराची चिंचोली तर कृषी पर्यटनासाठी प्रसिद्धच आहे, पुण्यापासून साधारण 55 किलोमीटर. नगर रस्त्याला आणि सोलापूर रस्त्याला जानेवारीत हुरडा पार्टीचे फलक रांगेने लागतात. वेळ काढू शकत असाल तर मंगळवेढ्याला जा. पंढरपूरपासून जवळ, सोलापूरपासून पन्नासेक किलोमीटर. तिथली काळी जमीन पाहिली की ज्वारीचं कोठार का म्हणतात ते कळतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दुष्काळात दामाजीपंतांनी लोकांसाठी कोठारं खुली केली, ती कथा इथलीच. चोखोबांना मरणही इथेच आलं, समाधी मात्र पंढरपुरात आहे. हुरडा खायचा, पंढरपूरला समाधीचं दर्शन घ्यायचं, संध्याकाळी परत.

हुरड्याला जायचे मार्ग दोन. एक पैसे देऊन, माणशी दर ठरवून, शेतावरच्या पर्यटन केंद्रात. दुसरा ओळखीतून, कुणाच्या तरी रानात. दुसरा मिळत असेल तर पहिल्याच्या वाटेला जाऊ नका. ऑफिसातला सोलापूरचा सहकारी "या एकदा हुरड्याला" असं सहज म्हणाला असेल, तर ते सहज नसतं. तारीख विचारून टाका.

फोनवर काय विचारायचं

पैसे देऊन जाणार असाल तर हा भाग नीट वाचा, कारण मी एकदा यातच फसलो आहे. हमरस्त्यालगतचं एक ठिकाण, जानेवारीतला शेवटचा रविवार, गर्दी म्हणजे जत्रा. प्रवेशद्वारावर फेटा बांधला, हलगी वाजली, बैलगाडीत फोटो काढला. मग स्टीलच्या वाटीत हुरडा आला, गार. शेजारी चटणीची पुडी. कणसं भाजायची आगटी, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा खड्डा, कुठे दिसेना. मी विचारलं, आगटी कुठे आहे? पोरगा म्हणाला, "आगटी फोटोसाठी आहे काका, हुरडा आतून येतो." आत म्हणजे फ्रीजरमधून. आजकाल हुरडा गोठवून वर्षभर विकतात, त्यात गैर काही नाही, पण त्यासाठी शंभर किलोमीटर गाडी हाकायची गरज नव्हती.

तेव्हापासून मी फोनवर सरळ विचारतो. पेरणी कधीची? वाण कुठला? कणसं तुमच्याच रानातली की बाहेरून आणता? हुरडा आगटीवर समोर भाजता का? मागू तितका देता की वाटीने? पेरणीची तारीख ज्याला तोंडपाठ आहे तो शेतकरी आहे, असं बेलाशक समजा. "सर, सगळं आहे, तुम्ही फक्त या" असं म्हणणारा व्यवस्थापक आहे. आणि जमलं तर रविवार टाळा. मंगळवारी गेलात तर तुमच्यासाठी आगटी वेगळी पेटते आणि मालकाला गप्पा मारायला वेळ असतो.

निघताना

सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. ज्वारीचं पान कडेने कापतं आणि कणसाची कूस, म्हणजे बारीक टोचरं भुसकट, अंगाला लागली की दिवसभर खाज सुटते. आगटीपाशी बसायचं म्हणजे ठिणगी उडणार, त्यामुळे नायलॉनचं जॅकेट आणि झुळझुळीत ओढणी घरीच ठेवा. सकाळी रानात कडाक्याची थंडी आणि दुपारी बाराला चटके, म्हणून स्वेटर काढता येईल असा. चपलेपेक्षा बूट बरे, ढेकळांत पाय मुरगळतो. डोक्याला टोपी किंवा उपरणं. दम्याचा त्रास असलेल्यांनी आपलं औषध खिशात ठेवावं आणि धुराच्या उलट्या बाजूला बसावं.

घरून नाश्ता करून निघू नका. चहा-बिस्किटावर निघा आणि नऊ-साडेनऊच्या आत रानात पोहोचा. बऱ्याच मंडळींना वाटतं बाराला जाऊ, जेवूनच येऊ. बाराला आगटी विझत आलेली असते आणि उन्हात निखाऱ्याजवळ बसवत नाही. सकाळ जमत नसेल तर सरळ दिवस कलल्यावर जा, संध्याकाळच्या आगटीची मजा वेगळी आहे.

ओळखीतल्या घरी जात असाल तर रिकाम्या हाताने जाऊ नका. फळं, पोरांना खाऊ, म्हाताऱ्या माणसासाठी काहीतरी. पैसे पुढे करू नका, माणसं दुखावतात. पण हे लक्षात असू द्या की तुम्ही खाल्लेलं प्रत्येक कणीस म्हणजे त्यांच्या पोत्यातला कमी झालेला दाणा आहे. एक माणूस पाच-सहा कणसं सहज संपवतो. पंधरा जणांचा गोतावळा न सांगता घेऊन जाणं बरं नाही.

आगटीपाशी

आता मूळ काम. आगटी म्हणजे जमिनीत केलेला वीतभर खोल खड्डा. त्यात गोवऱ्या रचून पेटवतात. जुनी माणसं रानशेण्या वापरतात, म्हणजे रानात जागच्या जागी वाळलेलं शेण. त्याचा निखारा मंद आणि टिकाऊ असतो. लाकडाचा जाळ चालत नाही, दाणा वरून करपतो आणि आतून कच्चा राहतो. गोवऱ्या धगधगून जाळ खाली बसला, वर राखेचा थर आला, की त्या फुफाट्यात कणसं खोचायची. दांड्याकडची बाजू बाहेर, कणीस आत. पहिल्यांदा एक बारीक तडतड ऐकू येते, मग ओल्या दाण्याची वाफ सुटते आणि एक वास येतो. भाजलेल्या मक्याच्या वासाशी त्याचं दूरचं नातं आहे, पण हा जास्त गवताळ, जास्त गोड. हा वास आला की कणीस फिरवायचं. मिनिटा-दोन मिनिटांत हिरवा रंग गडद होतो, वरची टोकं काळी पडतात. काढायचं. अजून थोडं राहू दे म्हणाल तर दाणा कडक होईल.

आता चोळणं. भाजणारा कणीस काढून राख झटकतो आणि तुमच्याकडे देतो. कणसाची दांडी वर धरा, तोंड खाली, खाली सूप किंवा स्वच्छ कापड. दोन तळहातांत कणीस धरून रवीसारखं फिरवा. गरम लागेल. सहन होईल इतपतच धरा, पण गार होऊ देऊ नका. दाणा बोंडातून सुटतो तो गरम असेपर्यंतच, गार झाला की धरून बसतो. म्हणून रानातली माणसं सारखी ओरडत असतात, "पाव्हणं, गरम हाय तवर चोळा की!" ते आग्रहाचं वाक्य वाटतं, पण ती सूचना आहे.

सुटलेले दाणे ओंजळीत घ्या, एका हातातून दुसऱ्या हातात ओता आणि मधल्या मधे फुंकर मारा. भुसकट उडतं, दाणा खाली पडतो. घाई केलीत तर कूस घशाला चिकटते आणि दोन तास खाकरत बसाल. लहान मुलांना तर स्वतः पाखडून, निवडूनच द्या. सूप असेल तर घरातल्या काकूंच्या हातात द्या आणि बघत राहा. दोन झटक्यांत काम होतं. तुम्ही प्रयत्न केलात तर निम्मा हुरडा मातीत जाईल, माझा गेला आहे.

पहिली मूठ काही न लावता खा. चटणी नाही, मीठ नाही. दाणा बाहेरून किंचित खमंग, आतून मऊ, चावला की गोड. काही दाणे चिकातले निघतात, काही निबर. मिश्रण असतंच. पहिल्या मुठीत कळतं की हे रान बरोबर वेळेवर आहे की नाही.

सोबतीला काय

शेंगदाण्याची चटणी. सोलापूरकडची, खलबत्त्यात कुटून तेल सुटलेली. बाकी ताटात काहीही असो वा नसो, ही हवीच. त्याखेरीज लसणाची, तिळाची, जवसाची, कारळाची, कुठे दही, कुठे गूळ. गुळाबरोबर हुरडा हा म्हाताऱ्यांचा आणि मुलांचा आवडीचा प्रकार. साखरेच्या गाठी, रेवड्या, गोडीशेव हेही फिरत असतं. मधे मधे हरभऱ्याचे डहाळे, बोरं, पेरू, उसाचं कांडं. शेव-फरसाण शहराकडून आलं, मला ते आवडत नाही, ते खारट असतं आणि हुरड्याची गोडी मारतं. पण पोरं खातात, खाऊ द्या.

प्यायला ताक किंवा मठ्ठा. हुरड्यावर ढसाढसा पाणी पिऊ देत नाहीत, पोटात फुगतो म्हणतात. खरंखोटं तपासायला मी गेलो नाही, ताकच पितो. एक मात्र खरं, हुरडा पोटाला जड आहे. खाताना कळत नाही, तासाभराने कळतं. दुपारी वांग्याचं भरीत, पिठलं, ठेचा, गरम भाकरी आणि शेंगोळ्या असा बेत असतो आणि पहिल्यांदा आलेले लोक तिथे हताश होऊन बसतात. म्हणून आगटीवरून उठायचं ते थोडी भूक राखून. आग्रह मोडायचा असेल तर "नको" म्हणू नका, त्याचा उपयोग होत नाही. जरा चक्कर मारून येतो म्हणा आणि उठा.

रानात फिरताना

चक्कर मारायलाच हवी. पण बांधावरून. उभ्या पिकात फोटोसाठी घुसू नका, आणि स्वतःच्या हाताने कणसं मोडू नका. कुठलं कणीस हुरड्याचं आणि कुठलं दाण्यासाठी राखायचं, हे मालकाला ठाऊक असतं. ज्वारीची उभी धाटं पायदळी गेली तर कडब्याचंही नुकसान. शहरात वाटतं ज्वारी दाण्यासाठी लावतात. दुष्काळी भागात कडब्यासाठीही तितकीच लावतात, उन्हाळ्यात जनावरं त्यावरच जगतात. हुरड्याची कणसं काढल्यावर उरलेली हिरवी धाटं वैरणीला जातात, तुमची पार्टी संपली की गोठ्यातली सुरू होते.

पानांवर हात फिरवला आणि चिकट लागला तर तो चिकटा, म्हणजे मावा नावाच्या किडीने सोडलेला गोड चिकट रस. त्यावर फवारणी झाली असेल तर किती दिवस झाले ते विचारून घ्यायला लाजू नका. चांगला शेतकरी हुरड्याच्या तुकड्यावर फवारत नाही आणि तसं सांगतोही.

पाखरांनाही हुरडा आपल्याइतकाच आवडतो. या दिवसांत रानात उंच माचा बांधलेला दिसेल. पूर्वी त्यावर उभं राहून गोफणीने पाखरं राखायचे, आता बऱ्याच ठिकाणी चकाकत्या फिती बांधतात किंवा डबे वाजवतात. एखाद्या आबांना गोफण फिरवून दाखवायला सांगा, खूश होतात. स्वतः फिरवून बघायची असेल तर मागे माणसं नाहीत ना हे आधी पाहा. माझ्या मावसभावाने पहिल्याच फेकीत गोफणीतला दगड पुढे न टाकता मागे उभ्या असलेल्या जीपच्या काचेवर टाकला होता. जीप दाजींची होती.

लातूर-धाराशिवकडचं कुणी तुम्हाला मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे वेळ अमावस्येला, बोलावत असेल तर हुरड्याची वाट न पाहता जा. तिकडे तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी अख्खं गाव रानात असतं, लातूर शहराचे रस्तेसुद्धा ओस पडतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करून त्यात पांडव म्हणून पाच दगड मांडतात, पूजा होते आणि मग माठातली आंबील, भज्जी, उंडे, खीर. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. कोवळे दाणे आणि पालेभाज्या बेसन लावून शिजवलेलं ते एक घट्ट कालवण असतं, आणि त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल. तिथे पैशाचा प्रश्नच नाही. वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतात.

परत येताना

घरच्यांसाठी नेणार असाल तर कणसंच घ्या, ओल्या कापडात गुंडाळा आणि त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी दाणा सुकतो आणि गोडी उतरते. घरी गोवऱ्या नाहीत, मग लोखंडी तव्यावर झाकण ठेवून भाजा, बरा होतो. चोळलेला हुरडा नेला तर तो डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत थालीपिठात घाला. जाडसर वाटायचा, कांदा, मिरची, कोथिंबीर, बांधायला थोडं ज्वारीचं पीठ. वर लोणी. उरलेल्याचा उपमाही होतो.

कपडे दाराबाहेरच झटका. धुराचा वास दोन धुण्यांत जातो, मोज्यातली कूस मात्र आठवडाभर टोचत राहते.

आणि शेतकऱ्याचा नंबर मोबाइलमध्ये नीट नाव-गाव घालून ठेवा. पुढच्या वर्षी जानेवारी उजाडायची वाट बघू नका. दिवाळीला शुभेच्छांचा फोन करा, घरच्यांची चौकशी करा, पाऊस कसा झाला ते विचारा आणि मग हळूच विचारा, "तात्या, गुळभेंडी पेरली का? कोणत्या तारखेला?" तारीख लिहून घ्या आणि कॅलेंडरवर तिथून 90 दिवस मोजा.